टमाट्याच्या भातावरचं तेल

अकोला, रविवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज रुपाली अमरावतीहून तिच्या बाबांना पहिल्यांदा आमच्या मेसवर घेऊन आली. लग्नाचा विषय निघण्याआधी काकांनी मला पाहावं, एवढ्यासाठीच. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, हे त्यांना आधीच खटकतं.

ती आहारशास्त्र शिकते. काकांना शुगर, त्यात कोलेस्टेरॉल. तिने फोनवर बजावलं होतं, टमाट्याच्या भातात तांदूळ कमी घे, मोडाची मटकी जास्त, तेल फोडणीपुरतंच. मी तसाच केला. खरंच तसाच.

पण ताट समोर ठेवलं आणि राहवलं नाही. पाहुण्याला कोरडा भात कसा वाढायचा? आपल्याकडे वरून लसणाचं गरम तेल नसलं तर मान तो काय राहिला? घातलं पळीभर.

"तुले सांगतलं होतं ना, तेल नको म्हणून," रुपाली हळूच म्हणाली.

मी भडकलो. तेही काकांसमोर. "मले शिकवू नको. चार पुस्तकं वाचून मोठी डॉक्टरीण झाली."

एका पळीसाठी एवढं?

काकांनी भात संपवला, हात धुतला. "तेल एखाद्या दिवशी चालते बाप्पा. पण माह्या घरी पोरीवर असा आवाज कोणी काढत नाही."

दोघं निघाले, तसा मी मागे धावलो. स्टँडवर सगळ्यांसमोर वाकून काकांची माफी मागितली. ते बसमध्ये चढले.

रुपाली तिथेच बाजूला उभी होती. तिची माफी मात्र मी मागितली नाही.