साबणाचे हात

प्रिय दादा (बाकीच्यांचे फादर),

आई अजूनही चर्चमधली द्राक्षारस लागलेली कापडं घरी धुते. तो येशूचं रक्त ना, म्हणून पहिलं पाणी मोरीत न ओतता झाडाला घालते. काल ती साबण लावत असताना मी विचारलं, "येशू स्वतःच याजक, स्वतःच अर्पण. मग दादा याजक झाला तेव्हा अर्पण कोण? तुझ्यासाठी घरी राहणारी मी?" परगावी पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय, तो मी नाकारणार होते.

"शहाणे, अर्पण स्वतःचं करायचं असतं, लेकीचं नाही. बॅग भर."

"आणि तू एकटी?"

"माझं मी बघते."

दीक्षेच्या वेळी बिशपांनी तुझ्या हातांना तेल लावलं होतं. काल तिच्या हातांना नुसता साबण होता. मग याजक कोण, दादा?

पाठवलं तर तू हे प्रवचनात सांगशील आणि आई लाजेल, म्हणून पत्र बॅगेतच ठेवतेय.

तुझी धाकटी