तुमच्या पुस्तकात नसलेली पोर

मॅडम, तुमची छत्री अजून आमच्या खुंटीला आहे. विसरायची सवय तुम्हाला होतीच. चष्मा चुलीपाशी, पिशवी एस.टी.त, आणि एकदा तर स्वतःची चप्पल आमच्या दारात ठेवून माझी घालून बारामतीला गेलात. पण देवाघरी जायच्या आधी छत्री तरी न्यायला याल, असं मला वाटलं होतं. आता तिच्या काड्या गंजल्या. नात म्हणते, टाकून दे. मी म्हणते, राहू दे, विसराळू बाई आहे, कधी आठवेल सांगता येत नाही. हे सगळं तीच लिहून घेते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे, कॉलेजात जाते. तुमच्याच कॉलेजात, आणि विषयही तुमचाच घेतलाय, मानसशास्त्र.

तुम्ही पहिल्यांदा डाळजला आलात तेव्हा वेड्यांची डॉक्टरीण आली, असं गावात उठलं होतं. तुम्ही जिच्याशी बोलाल तिच्या डोक्यात बिघाड, अशी समजूत. बायका तुम्हाला बघून दारं ओढून घ्यायच्या. तुम्ही आमच्या ओट्यावर छापील कागद घेऊन बसलेल्या. उदास वाटतं का? कधीच नाही, कधीकधी, नेहमी. मी म्हटलं, "मॅडम, त्यो कागद ठिवा पिशवीत आन् ह्या शेंगा घ्या म्होरं. हात मोकळं असलं की बाई बोलत न्हाय." बियाण्याच्या शेंगा फोडायचे दिवस होते. तुम्ही बसलात, आणि ऐकता ऐकता दाणे तोंडात टाकायला लागलात. सासूबाई आतून म्हणाल्या, "अवो, पेरायचं हायती ते." तोंडातला दाणा गिळावा की बाहेर काढावा, हे न कळून तुम्ही तशाच बसून राहिलात. बायका हसल्या, आणि त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायला लागल्या.

तिकडं कॉलेजात तुम्हाला हसणारे वेगळेच होते. जेवता जेवता सांगायचात, मोठे सर विचारतात यात आकडे कुठं आहेत, हे तर बायकांच्या गप्पा गोळा करणं झालं. मागून नोकरीला लागलेली माणसं पुढं गेली आणि तुम्ही अजून आमच्याच दारात. मी चिडवायची, आमच्या गप्पांवर पगार खाता, मग आम्हाला चहापुरतं तरी द्या की. पुढच्या खेपेला तुम्ही बेकरीतली खारी घेऊन आलात. एक रीत मात्र तुम्ही कधी मोडली नाहीत. जे लिहाल ते जिचं तिला परत वाचून दाखवायचात, एकटीला, विहिरीवर नाहीतर गोठ्यात, ती म्हणेल तिथं. मग विचारायचात, ठेवू का काढू? असं विचारणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. घरात तर भाजी कशाची करायची हेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं.

मुलं किती, याला पहिल्या दिवशी मी तीन म्हणाले होते. घरात तसंच सांगायचं ठरलेलं. मग एका दुपारी सासूबाई इंदापूरच्या बाजाराला गेल्यात, आपण दोघीच बसलोय, तुमचा आवाज भरायचा टेप चालू आहे, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "चार व्हती." तुम्ही काही विचारत नाही, शेंग फोडत राहता. म्हणून मी बोलत जाते. थोरली लेक तापानं फणफणली आहे. दूधभात मागते आहे, वरून साखर घातलेला. तापात दूध बाधतं म्हणून घरातले नाही म्हणतात. ती रुसून भिंतीकडं तोंड करून निजते, आणि सकाळी उठत नाही. माझ्या पोटात तेव्हा दुसरं होतं. गेलेल्या पोरीचं नाव घेतलं तर बाळावर सावट येईल, म्हणून घरात तिचं नाव घेणं बंद झालं. बाळ झालं, चालायला लागलं, त्याला मिसरूड फुटली, तरी बंदच. फोटो कधी काढलाच नव्हता.

पुढच्या खेपेला गोठ्यात तुम्ही ते मला वाचून दाखवलंत. शब्द माझेच, आवाज तुमचा. छापून आलं आणि मालकांच्या कानावर गेलं तर काय, म्हणून मी घाबरले. "काडा ते, मॅडम. टेपातनं बी काडा." तुमचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. त्याच पानांवर तुमचे मार्गदर्शक सर खूश होते, हे मला फार पुढं कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "आक्का, बटण तुम्हीच दाबा. यावर दुसरा आवाज भरला की हे जाईल." मी दाबलं. मग सूप मध्ये घेऊन, एक शब्द न बोलता, टेपातली पट्टी संपेपर्यंत आपण दोघी शेंगा फोडत बसलो. माझी पोर होती तिथं शेंगा फुटल्याचा आवाज राहिला.

तुम्ही बारामतीला दवाखान्यात होता तेव्हा मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आले होते. तुम्हाला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. तरी विचारलंत, "आक्का, अजून तीनच सांगता का?" मी म्हटलं, "आदी बऱ्या व्हा, मग सांगते." तुम्ही काही बऱ्या झाला नाहीत.

आता सासूबाई गेल्या, मालकही गेले. परवा नातीनं कॉलेजातून तुमचं पुस्तक आणलं. मी तिला सगळं वाचायला लावलं. त्यात नावं नाहीत, पण जिची जीभ तिखट म्हणून लिहिलंय ती मीच, हे लगेच ओळखलं. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. मुलं तीन. शेवटचं पान झाल्यावर मी म्हटलं, बघ बाई, मधलं एखादं पान चिकटलं असंल. तिनं एकेक पान सोडवून बघितलं आणि नाही म्हणाली.

मॅडम, तुम्ही शब्दाला जागलात. आणि मी खुळी इतकी वर्षं मनात धरून बसले होते, की तुम्ही लबाडी केली असेल, कुठल्या तरी कोपऱ्यात माझी पोर ठेवून दिली असेल. छत्री विसरलात, चप्पल विसरलात, मग माझं ते एक बोलणं विसरायला काय झालं होतं?

नातीचं लिहिणं थांबलंय. आपल्याला आणखी एक आत्या होती, हे तिला आज लिहितानाच कळलंय. नाव काय म्हणून विचारते. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, तसं मी ते तिच्या कानात सांगितलं. तिच्या बारशाला तो मान खरं तर थोरल्या आत्याचा होता. मग ती पेन उचलून मला विचारते, "आजी, हे सगळं ठेवू का काढू?" हे तुमच्या पुस्तकातून शिकली असणार. मी म्हटलं, "ठिव."

हा कागद पोस्टात टाकण्यासारखा नाही. छत्रीच्या घडीत ठेवते. ती न्यायला आलात तर मिळेल. आणि तिकडं माझी लेक कुठं दिसली, भिंतीकडं तोंड करून बसलेली, तर तिला दूधभात द्या. साखर वरून घाला, कालवू नका.