सतरा मुले न हसल्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, देवटेक,
जि. बुलडाणा

विषय : सावरटेक शाळेचा 'शंभर टक्के उत्तम दृष्टी' अहवाल रद्द करून फेरतपासणी करणेबाबत, तसेच त्याबद्दल दिलेले प्रशस्तिपत्र परत घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ३ नोव्हेंबर २०२५
२) आपली पत्रे दि. १४ व २५ नोव्हेंबर २०२५

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी सावरटेक येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत एकोणीस वर्षे सहायक शिक्षक असून मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच आहे. जुलैमध्ये आपल्या आदेशान्वये मी शाळेतील चौसष्ट मुलांची नजर तपासली. वीस फुटांवर उभे करून, एकेक डोळा झाकून, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. चौसष्टच्या चौसष्ट मुलांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचला. अहवाल त्याच दिवशी पाठवला. तो चुकीचा आहे.

२. तक्ता शाळेला जूनमध्येच मिळाला होता. जे पाठ नाही ते आपले नाही, अशी माझे वडील कै. शंकरराव यांची शिकवण. तिला जागून मी तो तक्ता परिपाठात घेतला. प्रतिज्ञा झाली की तक्ता, मग सुविचार. चाल पाढ्यांचीच. नेत्रतपासणीत कोणी मागे राहू नये एवढाच हेतू होता. पहिलीच्या मुलांनी तर अक्षरओळख होण्याआधीच तक्ता पाठ केला. चौथीचा वर्ग उलटाही म्हणत असे. सरावाला वेळ पुरेना, म्हणून खेळाची तासिका बंद केली, याचीही नोंद घ्यावी.

३. ऑगस्टमध्ये आपल्या हस्ते मला प्रशस्तिपत्र मिळाले. शिक्षण परिषदेत मी उपक्रमाचे प्रात्यक्षिक दिले आणि केंद्रातील अकरा शाळांनी तो जसाच्या तसा उचलला. आजमितीस आमच्या केंद्रात कागदोपत्री एकाही मुलाची नजर कमी नाही. हे असेच चालले तर पुढील वर्षी तालुक्यात चष्म्याची गरज उरणार नाही.

४. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या पुष्पाबाई यांची मुलगी कु. अपेक्षा चौथीत आहे. पुष्पाबाई मला दोनदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, पोरगी टीव्हीले नाक लावून बसते. तिले दिसत नसन." मी त्यांना अहवाल दाखवला. नजर उत्तम, म्हणून अपेक्षाला मी मागच्या रांगेत बसवले होते. फळ्यावरची गणिते ती चुकीची उतरवायची. आठाचे तीन, सहाचे शून्य. मी वहीत लाल शाईने 'निष्काळजी' असा शेरा देत होतो. असे शेरे एकूण बावीस आहेत. ते मी काल मोजले.

५. ऑक्टोबरअखेर उपक्रम पाहण्यासाठी पाहुणे येणार म्हणून वर्गाला चुना मारला. तक्ता काढून ठेवला होता आणि तो परत लावायचा राहिला. पाहुण्यांसमोर मी सवयीने अपेक्षाला रेघेवर उभे केले. तिने डावा डोळा झाकला आणि कोऱ्या भिंतीवरून सातही ओळी खणखणीत आवाजात वाचल्या. मग उजवा डोळा झाकून पुन्हा वाचल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. भिंतीकडे माझे लक्ष गेले ते टाळ्या थांबल्यावर. मला फार लाज वाटली.

६. दुसऱ्याच दिवशी मी पुष्पाबाई व अपेक्षा यांना घेऊन सकाळच्या बसने मेहकरला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन नंबर निघाला. डॉक्टरांनी सांगितले की लागलेला नंबर जात नाही, पण वाढत्या वयात तो भराभर चढतो, त्याचा वेग आवरता येतो. चष्मा कायम लावायचा, पुस्तक हातभर अंतरावर धरायचे, रोज दोनेक तास उघड्यावर उजेडात खेळायचे आणि दर सहा महिन्यांनी तपासायचे. गरज पडल्यास रात्री घालायचे थेंब देतात, तेही त्यांच्याच सल्ल्याने. "लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं," असे ते म्हणाले. शाळेत काय करून घेता, असेही त्यांनी विचारले. मी पाठांतर म्हणालो.

७. यानंतर मी तक्ता उलटा टांगला आणि मुलांना एकेक करून वाचायला लावले. सत्तेचाळीस मुले तक्ता पाहताच हसली. सतरा मुले हसली नाहीत. त्यांनी तक्ता नेहमीच्या क्रमाने, नेहमीच्या चालीवर म्हणून दाखवला. हसलेल्यांची नजर चांगली असावी असा माझा अंदाज आहे. न हसलेल्यांची यादी सोबत जोडली आहे.

८. माझ्या अर्जावर आपण पहिल्या पत्राने कळवले की, अभिलेखानुसार सर्वांची दृष्टी उत्तम असल्याने फेरतपासणीची आवश्यकता नाही, अन्यथा तपासणी करणाऱ्याने तसा दाखला द्यावा. तपासणी करणारा मीच. मी दाखला दिला. दुसऱ्या पत्राने आपण कळवले की, हा दाखला पूर्वीच्या अहवालाशी विसंगत आहे, सबब मुख्याध्यापकाने संबंधित शिक्षकाचा लेखी खुलासा घ्यावा. मुख्याध्यापकही मीच. त्यानुसार मी मला नोटीस देऊन तीन दिवसांची मुदत दिली. मुदतीत खुलासा प्राप्त झाला. तो समाधानकारक नसल्याने मी मला सक्त ताकीद दिली आहे. कार्यवाही पूर्ण झाली असून आता विलंबाचे कारण शिल्लक नाही.

९. चष्मे देणारे पथक २४ डिसेंबरपर्यंतच तालुक्यात आहे आणि ते फक्त कमी नजरेची मुले नोंदवलेल्या शाळांच्या यादीप्रमाणे जाते. आमची शाळा यादीत नाही. ही सतरा मुले आता सुटली तर पुढच्या वर्षापर्यंत त्यांचा नंबर कुठे जाईल, हे मला सांगता येत नाही. महोदय, या मुलांनी काहीही चुकीचे केलेले नाही. गुरुजींनी सांगितले ते पाठ केले.

१०. तरी विनंती की, (अ) आमची व उपक्रम राबवणाऱ्या अकरा शाळांची नावे यादीत घ्यावीत. (आ) खेळाची तासिका पुन्हा सुरू करून परिपाठ व वाचनाचे तासही मैदानात घेण्यास परवानगी द्यावी. परवानगीची वाट न पाहता मी ते गेल्या सोमवारपासून सुरू केले आहे. (इ) पथकाने नवा तक्ता आणावा.

११. अपेक्षाला चष्मा मिळाला आहे. ती आता पुढच्या रांगेत बसते. पहिल्या दिवशी ती बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, "गुरुजी, तुम्ही कोपऱ्यात रोज तारीख लिहत होते का?" मी हो म्हणालो. ती पहिलीत आल्यापासून चार वर्षे लिहीत आलो आहे.

१२. नवा तक्ता कृपया मला आगाऊ दाखवू नये.

आपला नम्र व या प्रकरणी दोषी,

(नीळकंठ शंकरराव पुराणिक)
सहायक शिक्षक तथा प्रभारी मुख्याध्यापक,
जि. प. प्राथमिक शाळा, सावरटेक
दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१) न हसलेल्या सतरा विद्यार्थ्यांची यादी
२) मी मला दिलेली नोटीस, माझा खुलासा व सक्त ताकीद
३) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, चौकटीसह
४) कु. अपेक्षा हिची गणिताची वही. शेरे खोडलेले नाहीत. पाहून झाल्यावर वही परत मिळावी, तिची क्षमा मागून शेरे तिच्यासमोर खोडायचे आहेत.