मरून कापडाची पट्टी

प्रिय खटपटे,

पाकीट फोडताना त्यातून बोटभर रुंदीची मरून कापडाची एक पट्टी खाली पडली असेल. ती फेकू नकोस. ती काय आहे ते सांगतोच, पण तू मला ओळखतेस, कुठलंही पुस्तक मी कव्हरापासून बांधायला घेत नाही. आधी शिवण, मग कणा, मग पुठ्ठा. तेव्हा जरा दमाने घे आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी जुनी खोड या वेळी आवर. फोनही करता आला असता, पण गेली दोन वर्षं फोनवर तू मला "बरं" आणि "ठेवते" एवढंच म्हणतेस, आणि दोन्हींच्या मध्ये काही सांगायला जागाच उरत नाही.

परवा तुझ्या आईने बातमी दिली. तुझ्या हॉस्पिटलात संगणक विभागात जागा निघाली आहे, तुझ्या मॅडमनी आपणहून तुझं नाव सुचवलंय, आणि शुक्रवारपर्यंत कळवायचंय तर तू "नाही" म्हणून कळवणार आहेस. का, तर म्हणे, "मला ते जमत नाही, एकदा बघितलंय करून." आईने हे सांगितलं तेव्हा मी शेगडीवर खळ ढवळत होतो. हात थांबला आणि सगळ्या खळीच्या गुठळ्या झाल्या. चाळीस वर्षांत माझ्या खळीत गुठळी झाली नव्हती, हे तुला मी सांगायला नको.

आता शिवणीपासून सुरुवात करतो. दोन महिन्यांपूर्वी संगणक शिकवणारे एक मास्तर माझ्याकडे उशीएवढं जाड पुस्तक घेऊन आले. वाचून वाचून कणा मोडलेला, पानं सुटी झालेली. बांधायला आलेल्या पुस्तकाची चार पानं तरी वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. (म्हणून तर मला घोड्यांचे आजार, मधमाश्या आणि घटस्फोटाचे कायदे यांतलं थोडंथोडं कळतं आणि धड काहीच येत नाही.) हे पुस्तक निघालं त्याच ऑपरेटिंग सिस्टीमवरचं, जी तू लॅपटॉपवर घातली होतीस. चार पानं म्हणता म्हणता मी तीनशे पानांवर पोचलो. मास्तर तीनदा येऊन रिकाम्या हाताने परत गेले.

खरं सांगू? मी हरखून गेलो. एवढी मोठी सिस्टीम, पण तिला एक मालक नाही. ज्याला येतं त्याने उघडून बघावं, कुठे बिघडलं असेल तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती बाकीच्यांना देऊन टाकावी. तू हे मला तेव्हा जेवताना सांगायला लागली होतीस आणि मी "फुकटातलं ते फुकटातलंच" म्हणून आमटी वाढून घेतली होती. आता पुस्तकात वाचताना मला वाटलं, अरे, हे तर आपल्यासारखंच काम आहे. चांगली बांधणी म्हणजे तरी काय, पुस्तक पूर्ण उघडलं पाहिजे आणि पुन्हा कधी दुरुस्त करायला दुसऱ्या कुणाला ते उसवता आलं पाहिजे. हे वाक्य मी मास्तरांना ऐकवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, म्हणून तुलाही ऐकवतोय.

त्यात नेटवर्क कार्डांवर एक अख्खं प्रकरण होतं. ते वाचताना मात्र मला तो आठवडा आठवला. तुलाही आठवत असणारच, पण मला काय काय आठवतं ते तुला ठाऊक नाही. तू लॅपटॉप जुना घेतला होतास, त्याचा एक कोपरा तडकलेला होता. नेमकं केबल लावायचं भोक त्याच कोपऱ्यात, त्यामुळे ते मेलेलं, आणि सगळी मदार वायफायवर. घरी येऊन चारच दिवस झाले होते त्याला. रविवारी तू दिवसभर बसून नवी सिस्टीम घातलीस, मंगळवारी सकाळी दहाला तुझी नोकरीची मुलाखत होती, लॅपटॉपवरून. आणि वायफाय काही केल्या लागेना. सोमवारभर तू जेवलीसुद्धा नाहीस. मंगळवारी शेवटी तुझा तो इंटरनेट नसलेला साधा फोन घेऊन जिन्याच्या वळणावर जाऊन बसलीस, कारण आपल्या घरात फोनला रेंज तिथेच काय ती मिळते. तीनदा आवाज तुटला. चौथ्यांदा त्यांनी उचललंच नाही.

तू आत आलीस आणि म्हणालीस, "कार्डच लागत नाहीये, बाबा, मी सगळं करून बघितलं." मी एका कव्हरावर कापडाची पट्टी घोटून बसवत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." तू लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवलास, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर, आणि महिन्याभरात त्या हॉस्पिटलात नाव-नोंदणीच्या खिडकीवर नोकरी धरून गेलीस. लॅपटॉप मी कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला होता. मास्तरांचं पुस्तक बांधून झालं त्या दिवशी तो खाली काढला.

त्यानंतर जे झालं त्याला तुझी आई "म्हातारचळ" म्हणते. पण काय मजा आहे या कार्डांची, खटपटे! एक ओळ टाइप केली की लॅपटॉपच्या पोटात कुठलं कार्ड बसलंय ते नाव-गावासकट समोर येतं. मग कळलं की कार्ड नुसतं बसवून भागत नाही, त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर लागतो. तो लोकांनी लिहून फुकट ठेवलेला असतो. पण काही कार्डांना त्यावरही आणखी एक छोटी फाइल लागते, फर्मवेअर, आणि ती कार्डवाल्या कंपनीने बंद पेटीत ठेवलेली. कार्डाला स्वतःचं काही आठवत नाही. लॅपटॉप सुरू केला की दर वेळी ती फाइल त्याच्या हातात द्यायची, मग ते कामाला लागतं. तुझ्या आईला सकाळचा चहा हातात दिल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही, तसंच. हे मी तिला समजावून सांगितलं आणि दोन दिवस चहा मलाच करावा लागला.

गंमत अशी की ती फाइल असते इंटरनेटवर. म्हणजे विहिरीत पाणी आहे, पण दोरही विहिरीतच पडलेला. मी पेन ड्राइव्ह घेऊन मास्तरांकडे गेलो, फाइल उतरवून आणली, पुस्तकात सांगितलेल्या फोल्डरपर्यंत ठेचकाळत पोचलो. आणि बघतो तर ती फाइल तिथे आधीच होती. तेच नाव, तोच आकार. तारीख तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवसाची, सोमवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तू ती कुठून आणलीस, कुणाच्या दारात जाऊन उतरवून घेतलीस, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

शेजारीच तुझं टिपण सापडलं. काय काय करून बघितलं त्याची यादी, एकेका ओळीत, तुझ्या नेहमीच्या शिस्तीने. मी पुस्तक उघडून एकेक ओळ ताडून पाहिली. एकही चूक नाही. आणि सगळ्यांत शेवटी तू लिहिलंयस, "सगळं बरोबर दिसतंय. तरी लागत नाही. माझंच काहीतरी चुकतंय." हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवायला गेलो आणि मला ते पुरं वाचता आलं नाही. तिने चष्मा लावून उरलेलं स्वतः वाचलं.

मग मात्र मी हट्टालाच पेटलो. अशा दुखण्यांवर बोलणाऱ्या लोकांचा एक फोरम आहे, तिथे आईच्या फोनवरून माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. 'मुंगूस' असं नाव घेतलेला कुणीतरी भला माणूस रोज उत्तर द्यायचा. पुरुष की बाई, कुठल्या देशातला, काही कळलं नाही. त्याच्या इंग्रजीची अवस्था माझ्यासारखीच, म्हणून आमचं जमलं. त्याने एक ओळ टाइप करायला सांगितली आणि उत्तर त्याला पाठवायला लावलं. ते बघून त्याने समजावलं, की या कार्डाला दोन कुलपं असतात. एक हुकूम देऊन उघडतं, ते तुमचं उघडंच आहे. दुसरं फक्त हाताने उघडतं, ते बंद आहे. पुढच्या कडेवर एक छोटं सरकतं बटण असेल, बघा. मी लिहिलं, नाही, कड अगदी गुळगुळीत आहे, मी स्वतः बघितलीय. तो म्हणाला, फोटो पाठवा. मी पाठवला. त्याने विचारलं, कडेला ते मरून रंगाचं काय आहे?

आणि आता आपण पट्टीपाशी आलो. मी त्या भल्या माणसाला अभिमानाने दहा ओळी लिहिल्या. मी पुस्तकबांधणीचं काम करतो, लॅपटॉपचा कोपरा तडकलेला होता, मुलीने रविवारी काम संपवून जरा पाठ टेकली तेवढ्यात मी तडकलेल्या कोपऱ्यापासून पुढच्या अख्ख्या कडेला बांधणीचं कापड सरसाने चिकटवलं, हाडाच्या पट्टीने दाबून दाबून असं घोटलं की सांधा शोधून सापडणार नाही. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "साहेब, कापडाखाली बघा." माझं काम सहजी निघत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. ओलं फडकं ठेवून, सुरीने, अर्धा तास लागला. खाली नखाएवढं बटण होतं, सरसात रुतलेलं, बंद बाजूला सरकलेलं. घोटताना मीच सरकवलेलं. सुईने मोकळं करून ते दुसऱ्या बाजूला ढकललं, तर कडेला निळा दिवा लागला आणि आपलं वायफाय पडद्यावर आलं. आई टाळ्या वाजवायला लागली आणि मी तुझं टिपण पुन्हा उघडलं. तुझ्या टिपणातली एक ओळ मी वर मुद्दाम लिहिली नव्हती, ती आता लिहितो. "बाहेरून बटण असतं म्हणे. कड पूर्ण चाचपली. नाही." तू तिथेही पोचली होतीस, पोरी. तुझं बोट त्या बटणावरून फिरलं होतं, मध्ये फक्त माझं कापड होतं. माझ्यामुळे तुझी मुलाखत गेली आणि वर मीच तुला ते वाक्य ऐकवलं. मला माफ कर. दोन वर्षांची भरपाई कशाने होत नाही, ते मला कळतं. पण शुक्रवारच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून कुरिअरवाल्याच्या मागे लागून पाठवतोय. तुला "नाही" म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मन नाही म्हण, कंटाळा येतो म्हण, मॅडम कटकटी आहेत म्हण. फक्त "मला जमत नाही" असं कळवू नकोस, कारण ते खोटं आहे. तुला सोमवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनीच जमलं होतं. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मी केलं होतं.

तुझाच, कान धरून उभा असलेला,
बाबा