पाटीवरचा पाय

म्हाताऱ्या बाईले चारचौघांत अनवाणी चालवाचं, अन् तिची टाच टेकली नाही म्हणून तुह्या वर्गातल्या पोट्ट्यांनी खिदळाचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे? त्यांच्या आज्या काय उडत जातात? झालं, पोट मोकळं झालं.

प्रिय उर्वशी, जय भीम.

फोन केला असता, पण तुहा बाप कान लावून बसते. प्रौढ वर्गात शिकली तेवढ्या अक्षरात लिहून राह्यली. चुका काढू नको.

उजव्या तळव्यात इंगळ ठेवल्यावानी होये, तुले माहीत आहे. गोळ्या झाल्या, शेक झाला, गुडघ्याचा फोटो झाला. दुखे तळवा अन् फोटो गुडघ्याचा! शेजारची वच्छलाबाई म्हणे, वय झालं, आता ओसरीत बस. बसली असती वं, पण वेचणीले माह्या जागी कोण जाईन? औंदा बोंडअळीनं बोंडं सडवली, कापूस बोंडालेच चिकटून बसला. मजुरी किलोवर, म्हणून बाहेरची बाई अशा वावरात पाय ठेवत नाही. तुही माय एकटी किती ओढीन?

म्हणून तुह्या कॉलेजनं बाभुळगावले लावलेल्या पाय तपासाच्या शिबिरात आली. तुह्या मॅडमनं जमिनीवर ते काळंभोर, चपटं मशीन मांडलं. तू म्हणे, "आजी, या पाटीवरून चाल. पाय कुठं किती दाबते ते काम्पुटरवर दिसते." पाटी! आमच्या लोकायच्या हाती पाटी कोणामुळं आली, हे तुले सांगाले पाह्यजे? तिच्यावर पाय देऊ? वाकून हात लावला, मंग चवड्यावर, चोरावानी पार झाली. पडद्यावर टाच उमटलीच नाही. मॅडम शिरेचं काहीबाही बोलाले लागली, पोट्टे हसले. तू तेवढी हसली नाही. कानाशी येऊन म्हणे, "आजी, ही लिहाची पाटी नोय, वजनकाटा समज. दे पाय." वजनकाट्यावर पाय द्याले मले कोणाचं भेव!

टाच उमटली, पण तरी तुहं समाधान झालं नाही. माह्या कमरेले कापूस वेचाले बांधतो तशी ओटी बांधली, तिच्यात शिबिरातल्या चादरी कोंबल्या अन् म्हणे, वेचताना चालते तशी चाल. चालली. पडद्यावर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी लालभडक, बाकी पाय निळाच. ओटी उजवीकडं लोंबते, सारा भार तिथंच. इतके दिवस पायाले शिव्या दिल्या, अन् गुन्हेगार कमरेले बांधला होता.

तू सँडलात बसवलेली गादी बरी आहे. ओटी आता अर्धी भरली का रिकामी करते. दुख पुरती गेली नाही, खोटं कायले बोलू? पण काल वावराच्या पार टोकाच्या धुऱ्यापर्यंत वेचत गेली, मधात बसली नाही. वच्छलाबाईले दिसाव म्हणून तिच्या वावराकडून परत आली. आभार हा शब्द माह्या तोंडाले वळत नाही, म्हणून कागदावर लिहिला. एकदाच लिहिला, जपून ठेव.

आता ज्याच्यासाठी लिहाले बसली ते ऐक. तू बापाले बोलली म्हणे, आजीच्यानं आता वेचणं होत नाही, मी कॉलेज सोडून येते. त्याले पटलं. मले नाही पटलं. माह्या जागेवर मी उभी आहे, अन् तुही जागा त्या मशीनपाशी आहे. दुसऱ्या कोणाच्या आजीचे पाय पाहाले कोण बसीन? बॅग भरली असशीन तर रिकामी कर. अन् या कागदाचं उत्तर तू लिहू नको, तू गोड बोलून फसवते. पोरगी वर्गात बसली आहे, असं तुह्या मॅडमनंच मले लिहाव, अन् खाली सही कराव.

तुहीच आजी,
रुखमाबाई