रविवारच्या आत एक सूर्य

सोमवार, ६ जानेवारी

विकलं! मला न विचारता लेथ विकून मोकळे झाले!

सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात यांनी रात्रीची गोळी घेतली. डबे दोन, दोन्ही सारखेच. दिवसभर गुंगीत पडून होते. डोळे गेल्यापासून ही तिसरी खेप. संध्याकाळी म्हटलं, झाकणांवर काहीतरी शिवून चिकटवते, बोटांना फरक कळेल असं. तर म्हणे कापड चार दिवसांत कळकट होतं, लाकडाचं हवं. सकाळच्या डब्याला सूर्य, रात्रीच्या डब्याला चंद्र. म्हटलं, मग आहे की तुमचं लेथ, त्याच्यासोबतची ती बारीक करवत खोक्यात पडूनच आहे—

"लेथ धर्मेशभाईंना दिलं. एकोणीसला, रविवारी नेतील. तसंही तुला जमलं नसतं."

मला जमलं नसतं!

मंगळवार, ७ जानेवारी

डोकं अजून तापलेलंच आहे.

चौतीस वर्षं कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. रिटायर झाल्यावर एका बंद पडलेल्या गाळ्यातून हे छोटं लेथ उचलून आणलं. मागच्या खोलीत, जिथे माझं शिलाई मशीन होतं तिथे ते बसलं आणि माझं मशीन पॅसेजमध्ये आलं. पॅसेजमध्ये बसून मी आमच्या अख्ख्या जेसल पार्कच्या साड्यांना फॉल लावले. आणि लेथचा संबंध काय, तर खालचा लोखंडाचा कीस झाडायचा. "हात लावू नकोस" हे शंभर वेळा ऐकलं. करवतीचं खोकं तर यांनीही उघडलं नाही. लाकूड म्हणजे सुताराचं काम, टर्नरला कमीपणा! दिवाळीत मात्र म्हणाले होते, बघ तरी उघडून, तुझ्या शिलाई मशीनसारखंच आहे. मी चकल्या तळत होते. म्हटलं, मला एवढाच उद्योग राहिलाय.

आता हाच उद्योग करणार. बारा दिवस आहेत. धर्मेशभाई ओळखीचेच, त्यांना फोन करून नको सांगता येईल, पण शब्द यांनी दिलाय, तो मोडायचा तर यांनीच मोडावा. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. चांगला सूर्य कापून यांच्या तळहातावर ठेवते, म्हणजे स्वतःच म्हणतील, राहू दे मशीन.

आई म्हणायची, हंसीला पूर्वेला जा म्हटलं की ती पश्चिमेला निघते. म्हणू दे!

बुधवार, ८ जानेवारी

खोकं उघडलं. पहिल्यांदा धीरच खचला. एक छोटं टेबल, मधे भोक. एक चौकट. एक गोल चकती, तिच्या कडेला खुंटी. आणि कागदात गुंडाळलेली पाच पाती—दोऱ्याएवढी बारीक! माहितीचा कागद कुठल्या भाषेत आहे देव जाणे, पण चित्रं आहेत.

यांना विचारलं, चकती कुठे बसवायची. "मला काय दिसतंय?" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. बरं!

दुपारी चार वाजता डोक्यात उजेड पडला. चकती लेथच्या तोंडात पकडायची. लेथ फिरलं की खुंटी गोल फिरते, ती चौकटीला वरखाली नाचवते, चौकटीत ताणलेलं पातं टेबलाच्या भोकातून वरखाली. अरे, ही तर सुईच की! सुई जागेवर, कापड आपण फिरवायचं. तीस वर्षं दुसरं केलं काय मी?

शुक्रवार, १० जानेवारी

जोडलं. सुरू केलं. प्लायवूडचा तुकडा टुणकन उडाला आणि माझ्या हनुवटीवर बसला! पुन्हा लावला, पुन्हा उडाला. लेथखालचं टेबल असं थरथरलं की वरच्या फळीवरची तेलाची बाटली खाली. खालच्या मजल्यावरची हेमाली वर आली, म्हणते, आंटी, बोरिंग चल रहा है क्या? तिला चहा पाजून परत पाठवलं आणि टेबलाच्या चार पायांखाली जुन्या रबरी चपलांचे तुकडे घातले. आता हादरा कमी आहे.

हे आतून नुसते खोकले.

शनिवार, ११ जानेवारी

आजही लाकूड उडतंय. घट्ट दाबून धरलं तरी उडतंय. हात दुखून आले. मशीन बंद करून तशीच बसले होते, तर आतून आवाज आला. "लाकूड उचलतंय म्हणजे दात वर आहेत. खाली कर."

बस, एवढंच. बोट फिरवून पाहिलं, खरंच, पातं उलटं लावलं होतं मी. सुईला कुठे वरखाली दात असतात!

पातं फिरवलं. लाकूड टेबलावर गपगुमान बसलं. सरळ रेघ कापली, वीतभर. भुसा इतका मऊ की पिठासारखा. कुणाला दाखवू असं झालं. शेवटी तो तुकडा नेऊन यांच्या हातात दिला. चाचपला, परत दिला.

रविवार, १२ जानेवारी

चंद्र जमला! कार्बन पेपरने काढला, पात्याला मेणबत्ती चोळली, आणि सावकाश गेले. आता सातच दिवस उरले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळ वाटला, हळदीकुंकवाची दोन आमंत्रणं होती, एकीकडेही गेले नाही. सूर्य सूर्य म्हणून बसले आणि तीन पाती मोडली! गोल भाग नीट कापला जातो. किरणाच्या टोकाशी आले की—टक्. प्रत्येक वेळी तिथेच.

स्टेशनजवळच्या तीन दुकानांत हिंडले. एकाने लोखंड कापायचं पातं पुढे केलं. म्हटलं, भैया, धागे जैसा पतला चाहिए. तो म्हणाला, धागा सामनेवाली दुकान में. हसू की रडू! घरी आले तोवर पाय गळून गेले होते. दोन पाती उरलीत.

बुधवार, १५ जानेवारी

चौथं मोडलं. आता मात्र मला रडूच आलं, लपवलंही नाही.

आणि हे उठून आले. भिंत धरून, पॅसेजमधल्या माझ्या मशीनला ठेचकाळत, मागच्या खोलीच्या दारात. गेल्या गणपतीपासून या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. विचारलं, टोकाशी आल्यावर नक्की काय करतेस ते सांग. मी सांगितलं—मशीन थांबवते, पातं लाकडात तसंच ठेवते, लाकूड वळवते, परत सुरू करते. कोपरा शिवताना सुई रुतवून कापड वळवतो तसंच.

हे हसले. मोठ्याने, पोट धरून! किती महिन्यांनी ऐकलं.

"अगं, ती सुई नाही. थांबलेल्या पात्याला वळवलंस तर ते मोडणारच. चालू ठेव. टोकाशी ढकलणं सोड, पातं जागच्या जागी नाचू दे, आणि लाकूड त्याच्याभोवती हळू फिरव."

मग शेवटचं पातं त्यांनी स्वतः लावलं. डोळे मिटून—उघडून तरी काय दिसणार होतं! नखाने पातं छेडलं, कान लावला, स्क्रू आवळला, पुन्हा छेडलं. बारीक टण् वाजलं तेव्हा म्हणाले, आता ठीक आहे. मी बाजूला उभी होते. या माणसाचा मला गेले चार महिने नुसता राग येत होता, पडून राहतो म्हणून. आज फार माया आली.

गुरुवार, १६ जानेवारी

सूर्याला हात लावला नाही. टाकाऊ तुकड्यांवर नुसते कोपरे वळवले. ढकलायचं नाही, ढकलायचं नाही. हाताला तीस वर्षांची सवय आहे, कापड पुढे जातच राहतं. चौदाव्या कोपऱ्याला हात ऐकायला लागला.

शुक्रवार, १७ जानेवारी

झाला! आठ किरण, टोकं आणि खाचा मिळून सोळा कोपरे, एकच पातं, आणि पातं शाबूत!

हे शेजारी खुर्चीवर बसून नुसते ऐकत होते. मधेच म्हणायचे, घाई करतेस. खरंच करत होते. आवाजावरून कळतं त्यांना! पॉलिश पेपर मारून सूर्य त्यांच्या तळहातावर ठेवला. एकेका किरणावरून बोट फिरवलं. सहाव्यावर थांबले. म्हणाले, हा आखूड झाला. म्हटलं, पावसाळ्यातला सूर्य आहे, चालवून घ्या.

संध्याकाळभर हातातून खाली ठेवला नाही. पण लेथबद्दल अवाक्षर नाही. मी पण विचारणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी

सूर्य, चंद्र दोन्ही चिकटवले. सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरातून हलले नाही. यांनी आपले आपण डबे चाचपले, सूर्याचा उघडला, गोळी घेतली, पाणी प्यायले. मला हाक मारली नाही. पोळी तव्यावर करपली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

मग जेवताना म्हणाले, धर्मेशभाई उद्या चारला येतील, मशीन पुसून ठेव.

पुसलं. तेल घातलं. पुसता पुसता ठरवलं. द्यायचं नाही. उद्या मीच दारात उभी राहून नाही म्हणणार. हेमालीच्या सासूने देव्हाऱ्याला जाळी करून देणार का विचारलंय, मी हो म्हणून बसलेय. यांचा शब्द मोडला तर मोडला! तसंही, मी जन्मभर यांच्या शब्दाबाहेर गेले नाही असं कुणी म्हणणार नाहीच.

रविवार, १९ जानेवारी

चार वाजले, पाच वाजले. कोणी नाही. साडेपाचला गॅलरीत जाऊन मीच फोन लावला. धर्मेशभाई म्हणाले, "कौन सी मशीन, भाभी? दत्ताभाई से तो दिवाली के बाद बात ही नहीं हुई."

म्हणजे गिऱ्हाईक नव्हतंच! "शिकून घे" म्हटलं असतं तर मी सात जन्मांत शिकले नसते, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आत आले. हे रेडिओ लावून बसले होते. विचारलं, आले नाहीत का गं ते?

म्हटलं, फोन आला होता. मशीन द्यायचं नाही म्हणून सांगून टाकलं.

"बरं केलंस," म्हणाले.