बाबांच्या फंडाचा पहारा

३ फेब्रुवारी, सोमवार
आणि भावोजींना विचारलंय कुणी? ताईशी लग्न झाल्यापासून या माणसाला आमच्या घरात नाक खुपसायची सवय. काल फोनवर परत तेच. बाबांच्या फंडाचं मी बघतो, तू इतक्या लांबून काय बघणार, तू आपल्या चादरी धू.
चादरी मी धूत नाही. हॉटेलच्या लाँड्रीत मी रोलरवर आहे, इस्त्रीला. धुणारे वेगळे. सतरा वेळा सांगितलंय.
बाबांनी एकतीस वर्षं पाण्याच्या टाकीवर पंप चालवला. फंडाची रक्कम बँकेत, वर महिन्याची पेन्शन. आई-बाबांचं सगळं त्यावर. आणि हल्ली म्हाताऱ्यांचे पैसे उडवणारे गल्लोगल्ली. म्हणून सुट्टीवर गेलो तेव्हा बँकेत आणि पेन्शन ऑफिसात बाबांच्या जागी माझा नंबर टाकून आलो. आता चोराची गाठ आधी माझ्याशी.
ठराव: कुणावरही विश्वास नाही. भावोजींवर तर आधीपासूनच नाही.

६ फेब्रुवारी
ऑनलाइन कोर्स लावला. फसवणूक ओळखा, सात दिवसांत. फी अठराशे. शिकवणारे सर गाडीला टेकून बोलतात, म्हणजे माणूस यशस्वी. खोलीवर माझ्याबरोबर हॉटेलातला आचारी राहतो. त्याने विचारलं, अठराशे कुणाला पाठवलेस, ओळख आहे का. म्हटलं, तू कांदे चिर.
धडा पहिला: संशयास्पद फोन आला की सांगायचं, ते वारले. मेलेल्याच्या मागे कुणी लागत नाही.
साधं, पण डोकं लागतं.

११ फेब्रुवारी, दुपारी
गळाला लागला पहिला मासा. बाई होती. पेन्शन ऑफिसातून बोलते म्हणाली. बाबांचं पूर्ण नाव, खातं, रिटायर झाल्याची तारीख, सगळं तोंडपाठ. खऱ्या ऑफिसात इतकी माहिती कधी सापडते का? वर विचारते, यंदा हयातीचा दाखला आला नाही, आहेत ना ते?
गळा भरून आणला आणि सांगितलं, गेले. कधी? गेल्या महिन्यात. कशाने? हार्ट. बाई हळूच म्हणाली, फार वाईट झालं, तुम्ही कोण त्यांचे? म्हटलं, एकुलता एक मुलगा. हुंदका पण दिला, तो कोर्समध्ये नव्हता.
ब्लॉक.
तेवढ्यात रोलरवर चादर गुंडाळली गेली. सुपरवायझर नको ते बोलला. आज मी काय वाचवलंय ते त्याला कुठे माहीत.

१९ फेब्रुवारी
आईचा फोन. घरी पत्र आलंय, बाबांच्या निधनाचं दुःख कळवणारं. सोबत फॉर्म, आईला विधवा म्हणून निम्मी पेन्शन हवी असेल तर. बाबांनीच वाचून दाखवलं म्हणे, चष्मा लावून. बाबा म्हणाले, शिक्का तोच आहे रे, एवढी वर्षं बघतोय. म्हटलं, हीच तर त्यांची पद्धत. फाडून टाका.
काय निर्लज्ज टोळी. सांत्वनसुद्धा छापून ठेवलंय.

२४ फेब्रुवारी
टोळी दारापर्यंत पोचली. एक माणूस, खांद्याला बॅग, पेन्शनच्या चौकशीला. नशीब मी फोनवर होतो. बाबांना मागच्या खोलीत पाठवलं, खोकू पण नका म्हटलं. बाबा म्हणाले, अरे मी ओळखतो याला. म्हटलं, ओळखीचेच फसवतात. आई दारात गेली. माझ्याशी वाद घालून आधीच रडवेली झालेली. त्या माणसाने तिचा चेहरा पाहिला, चपला काढल्या, दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला आणि एक अक्षर न विचारता निघून गेला.
घाबरला.

३ मार्च
ताईचा फोन. पेन्शन जमा नाही. खात्यातून पैसेही निघत नाहीत. म्हटलं, बघ, मी सांगत होतो ना. भावोजींना मागून काहीतरी बोलायचं होतं, मी बोलू दिलं नाही.
कोर्सच्या सरांना फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही. कामात असतील.
बँकेला लावला. साहेब म्हणाला, खातेदार मयत, वारसाने कागद घेऊन यावं. म्हटलं, खातेदार घरी पेपर वाचत बसलेत. म्हणाला, पेन्शन ऑफिसने कळवलंय आणि त्यांना मुलाने कळवलंय. कुठला मुलगा, विचारलं. त्याने माझाच नंबर वाचून दाखवला.
मी ठेवला. रेंज नव्हती.

६ मार्च
रोलरवर बोट भाजलं. थोडंसंच.
भावोजी रजा टाकून बाबांना पेन्शन ऑफिसात घेऊन गेले. तीच बाई. खरी निघाली. एखादी असते. म्हणाली, तुम्ही समोर उभे आहात हे दिसतंय मला, पण तुमचा मुलगा फोनवर रडला हो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता डॉक्टरचा दाखला, दोन साक्षीदार आणि मुलाने खोटं सांगितल्याचं लेखी. सहा महिने तरी लागतील.
भावोजी ओरडले असते तर मी पण ओरडलो असतो. ते नुसतं म्हणाले, एक साक्षीदार मी होतो, दुसरा बघतो.
मग बाबा फोनवर आले. विचारलं, कशाने गेलो म्हणालास? म्हटलं, हार्ट. म्हणाले, तुझ्या आईच्या गोळ्या रविवारपर्यंतच आहेत.

१० मार्च
शांतपणे विचार केला तर काम फत्ते झालंय. खातं असं बंद आहे की जगातला कुठलाही चोर त्यातला छदाम काढू शकत नाही. बाबाही नाहीत. हे भावोजींना मेसेज करून कळवलं. त्यांनी वाचलं.
खोटं बोललो असं लेखी देणार नाही म्हटलं होतं. दिलं. मजकूर आचाऱ्याने सांगितला, माझी फक्त सही.
सहा महिने घर मी चालवणार. सुपरवायझरकडे उचल मागितली, तो हसला. ताई म्हणाली, निम्मं आम्ही उचलतो. नको म्हटलं. मग परत फोन करून बरं म्हटलं.
आज घरी पाठवले: सात हजार चारशे.